एमडीसीचा कॅन आणि अमृतधारेची बाटली

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी आमच्या लॅबमागच्या शेडमध्ये वजनकाटा निघतो. वेस्ट सॉल्व्हंटचे, म्हणजे रसायनं विरघळवून घ्यायला वापरून झालेल्या द्रवांचे, कॅन एकेक करून काट्यावर ठेवायचे, रजिस्टरमध्ये वजन लिहायचं, लेबलवर तारीख टाकायची आणि तळोज्याला, कचरा जाळायला, जाणाऱ्या गाडीची वाट बघायची. क्लोरीनवाले सॉल्व्हंट एका कॅनमध्ये, बाकीचे दुसऱ्यात. काम ज्युनिअरचं आहे, पण गेली दोन वर्षं ते मी माझ्याकडे ठेवलंय. पाण्याच्या आणि औषधांच्या तपासणीच्या रिपोर्टवर सही माझी असते. त्या रिपोर्टसाठी काय काय खर्ची पडलं हेही मलाच दिसायला हवं, असं मला वाटतं. रिपोर्टमध्ये ते कुठेच लिहिलेलं नसतं, फक्त कॅनच्या वजनात दिसतं.

मी कळव्याला राहते आणि बावीस वर्षं विश्लेषणाच्या कामात आहे. पहिली नोकरी २००३ साली रबाळे एमआयडीसीतल्या पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये लागली. ठाणे-वाशी लोकल तेव्हा सुरू व्हायची होती, ती पुढच्या वर्षी आली. मी ठाणे-बेलापूर रस्त्याने बसने जायचे. त्या वर्षी आमच्याकडे कामाचा नुसता पूर होता. फेब्रुवारीत दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकं सापडल्याचा अहवाल काढला होता. त्यानंतर बाटलीबंद पाण्याचं मानक कडक झालं: एका कीटकनाशकाला लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम, सगळी मिळून ०.५ मायक्रोग्रॅम. पाणी बाटलीत भरून विकणारा प्रत्येक जण सॅम्पल घेऊन दारात उभा.

तेव्हाची पद्धत अशी होती. दोन लिटरचं काचेचं सेपरेटिंग फनेल घ्यायचं. त्यात एक लिटर पाणी आणि ६० मिलिलिटर एमडीसी. कॉलेजच्या पुस्तकातलं डायक्लोरोमिथेन म्हणजेच आमच्या धंद्यातलं एमडीसी, मिथिलीन डायक्लोराइड. बूच लावून फनेल उलटं करायचं, दोन मिनिटं हलवायचं, मधे मधे तोटी उघडून आतला दाब सोडायचा. मग स्टँडवर ठेवून थर वेगळे व्हायची वाट बघायची. एमडीसी पाण्यापेक्षा जड, ते खाली बसतं, येताना पाण्यातली कीटकनाशकं घेऊन येतं. खालचा थर काढून घ्यायचा आणि पुन्हा ६०, पुन्हा ६०. हे १८० मिलिलिटर निर्जल सोडियम सल्फेटमधून गाळायचं आणि आटवत आटवत एक मिलिलिटरवर आणायचं. त्यातला एखादा मायक्रोलिटर मोजणाऱ्या मशीनमध्ये जायचा.

आटवायचं म्हणजे बाकीचं उडवायचं. एमडीसी ३९.६ अंशांना उकळतं. मे महिन्यात एसी बंद पडला तर त्याला आटवायला वेगळी उष्णता द्यावी लागत नाही, बाटलीचं झाकण उघडलं तरी वास खोलीभर होतो. रोटाव्हॅपचा, म्हणजे आटवायच्या यंत्राचा, कंडेन्सर थंड असला तर बरंचसं परत मिळतं, नसला तर फ्यूम हूडमधून, म्हणजे वाफा खेचून घेणाऱ्या कपाटातून, बाहेर. त्या लॅबच्या फ्यूम हूडचा पंखा कित्येक महिने नादुरुस्त होता. दुरुस्तीची नोट वर गेली होती, एवढंच आम्हाला माहीत होतं.

तिथे काचसामान धुणारे एक मामा होते, साताऱ्याकडचे. फनेल धुवायच्या आधी त्याच्या तळाशी राहिलेलं एमडीसी ते वाटीत काढून घ्यायचे आणि त्यानेच काचेवरच्या मार्करच्या खुणा पुसायचे, उघड्या हातांनी. मी हातमोजे दिले तर म्हणाले, "ताई, ह्यात हात चालत नाही, काच निसटते." ते हातमोजेही चुकीचेच होते, हे मला पुढे कळलं, साध्या लॅटेक्स किंवा नायट्राइलमधून एमडीसी काही मिनिटांत आरपार जातं. एकदा चहा घेताना मामा सहज बोलून गेले, "संध्याकाळी डोकं जड होतं. गावाला गेलो की होत नाही. रविवारीपण होत नाही."

मी तेव्हा पंचविशीत होते. एमडीसी शरीरात गेलं की त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. पण ते वाक्य आणि मामांची रविवारची गोष्ट यांची सांगड माझ्या डोक्यात तेव्हा लागली नाही. लागली तेव्हा मामा निवृत्त होऊन गावी गेले होते. त्यांना नेमका कशामुळे त्रास व्हायचा हे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मी विचारायला हवं होतं, आणि पंख्याची नोट मी स्वतः घेऊन वर जायला हवं होतं. हे ओझं माझ्यावर आहे. ही पोस्ट लिहायला बसण्याचं खरं कारणही तेच.

पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एमडीसीला 'माणसात कर्करोग होण्याची बरीच शक्यता' असलेल्या २ए गटात टाकलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ साली त्याच्या बहुतेक औद्योगिक वापरांवर बंदी आणली. प्रयोगशाळांना सूट मिळाली, पण कामगारांच्या संरक्षणाच्या अटींसकट.

एकदा घरी जाताना गाडी ऐरोलीला थांबून राहिली होती, तेव्हा मी डायरीच्या मागच्या पानावर एक हिशेब मांडला. १८० मिलिलिटर एमडीसीचं वजन साधारण २४० ग्रॅम. ते आपण वापरतो कशासाठी, तर एक लिटर पाण्यात अर्धा मायक्रोग्रॅम कीटकनाशक आहे की नाही ते बघायला. म्हणजे जे शोधायचंय त्याच्या ४८ कोटी पट वजनाचं रसायन. दुसरा हिशेब त्याहून वाईट निघाला. पिण्याच्या पाण्यात एमडीसी किती चालेल, तर जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य आहे लिटरमागे २० मायक्रोग्रॅम. एक मिलिलिटर एमडीसी साडेसहासष्ट हजार लिटर पाण्याला त्या रेषेपर्यंत नेऊ शकतं. एका सॅम्पलचे १८० मिलिलिटर जवळपास एक कोटी वीस लाख लिटर पाण्याला. एक लिटर पाणी तपासायला! माझ्या कळव्याच्या घराच्या गॅलरीतून खाडी दिसते. त्या दिवशी खाडीकडे बघताना मला बरं वाटलं नाही.

कोणी म्हणेल, ते एमडीसी पाण्यात थोडंच जातं, तळोज्याला जाळायला जातं. कॅनमध्ये जातं ते जाळायला जातं. जे हवेत उडालं, जे फनेलमधल्या पाण्यातच विरघळून राहिलं, त्याचं काय? एमडीसी पाण्यात थोडंफार विरघळतं, लिटरला दहा ग्रॅमच्या वर. काढणी, म्हणजे पाण्यातलं रसायन सॉल्व्हंटमध्ये ओढून घेणं, झाल्यावर ते फनेलमधलं पाणी बेसिनमध्ये ओतणाऱ्या लॅब मी स्वतः पाहिल्या आहेत.

त्यानंतर कार्ट्रिज आल्या. सॉलिड फेज एक्स्ट्रॅक्शन. बोटाएवढी प्लास्टिकची नळी, आत भुकटी भरलेली. पाणी तिच्यातून ओढायचं, कीटकनाशकं भुकटीला धरून बसतात, मग दहाएक मिलिलिटर मिथेनॉलने ती सोडवून घ्यायची. १८० वरून १० वर आलो, आणि तेही मिथेनॉलवर. ही खरोखर मोठी सुधारणा होती आणि आजही बहुतेक लॅब तिच्यावरच चालतात. अडचणी दोन. प्रत्येक सॅम्पलला एक नळी फेकायची. आणि पावसाळ्यात नळी चोंदते. जुलैमधलं नदीचं पाणी आलं की अर्ध्या लिटरनंतर थेंब पडायचा बंद होतो, मग आधी गाळा, मग गाळलेल्या चिखलाला काय चिकटून गेलं याची काळजी करा.

या सगळ्यात मला एक गोष्ट फार उशिरा उमगली, आणि ती कोणी मला कॉलेजात सांगितली असती तर बरं झालं असतं. एक लिटर पाणी का घ्यायचं? कारण जुन्या मशीनची नजर कमजोर होती. तिला दिसेल एवढा ऐवज गोळा करायला लिटरभर पाणी लागायचं, आणि लिटरभर पाण्याला त्या मानाने सॉल्व्हंट. मशीन बदललं. आजच्या चांगल्या एलसी-एमएस-एमएसमध्ये, म्हणजे द्रवातली रसायनं वेगळी करून रेणूंच्या वजनावरून ओळखणाऱ्या मशीनमध्ये, कितीतरी कीटकनाशकं, औषधांचे अवशेष, पाणी नुसतं गाळून शंभर मायक्रोलिटर थेट सोडलं तरी दिसतात, काढणीची गरजच पडत नाही. पण एसओपीमध्ये, म्हणजे लेखी कार्यपद्धतीत, 'एक लिटर' तसाच राहिला. कागदावरचा आकडा यंत्रापेक्षा जास्त जगतो. २०१३ साली पोलंडच्या काही रसायनतज्ज्ञांनी हरित विश्लेषणाची बारा तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलंच तत्त्व असं, की शक्य असेल तिथे सॅम्पल थेट तपासा, त्यावर प्रक्रियाच करू नका. दुसरं, सॅम्पल कमीत कमी घ्या. आणि शेवटचं, बारावं तत्त्व आहे काम करणाऱ्याच्या सुरक्षिततेचं. ते वाचताना मला मामांची वाटी आठवली.

पण थेट सोडून सगळं भागत नाही. ज्या रसायनांना पाणी आवडत नाही, तेलकट स्वभावाची जी आहेत, ती गॅस क्रोमॅटोग्राफीवरच, म्हणजे रसायनांची वाफ करून ती वेगळी करणाऱ्या मशीनवरच, बरी दिसतात, आणि तिथे पाणी सोडता येत नाही. तिथे काढणी लागतेच. मग ती किती लहान करता येईल?

कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात पाव्हलिशिन यांनी १९९० साली केसाएवढ्या काचतंतूवर पॉलिमरचा लेप देऊन तोच पाण्यात बुडवला. रसायनं लेपात शिरतात, तंतू उचलून सरळ मशीनच्या गरम तोंडात घालायचा. सॉल्व्हंट शून्य. मी हे काही वर्षं वापरलं आणि मला ते आवडतं, पण तंतू महाग आणि नाजूक. नव्या मुलाच्या हातून एक तुटला की परचेस डिपार्टमेंटचा फोन येतो आणि तो मुलगा पुढचा महिनाभर मशीनजवळ जायला घाबरतो. लहान लॅबला हा मार्ग अवघड आहे.

इराणच्या रेझाई, असादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली काढलेली युक्ती मात्र कोणत्याही लॅबला परवडेल अशी आहे. पाच मिलिलिटर पाणी टोकदार टेस्टट्यूबमध्ये घ्यायचं. एक मिलिलिटर अ‍ॅसिटोनमध्ये काही मायक्रोलिटर, होय, मायक्रोलिटर, जड सॉल्व्हंट मिसळून ते सिरिंजने झटकन आत मारायचं. ट्यूब दुधासारखी पांढरी होते. त्या पांढरेपणात सॉल्व्हंटचे असंख्य बारीक थेंब असतात, आणि इतके थेंब म्हणजे पाण्याला स्पर्श करणारा पृष्ठभाग प्रचंड. फनेल हलवून जे दहा मिनिटांत होत नाही ते इथे काही सेकंदांत होतं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचं, आणि टोकाशी साबुदाण्याच्या दाण्यापेक्षा लहान थेंब बसलेला. पहिल्यांदा तो थेंब पाहिला तेव्हा मी माझ्या सहकाऱ्याला हाक मारून बोलावलं होतं. सबंध फनेलचं काम त्या थेंबात.

तो मूळ थेंबही क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटचाच होता. पुढच्याच वर्षी तरंगणाऱ्या थेंबाची पद्धत आली: पाण्यापेक्षा हलकं, आणि थंड केलं की गोठणारं सॉल्व्हंट घ्यायचं. ट्यूब बर्फात ठेवली की थेंब वर गोठतो आणि चमच्याने उचलता येतो. यासाठी वापरतात त्यातलं एक म्हणजे डोडेकॅनॉल, जे खोबरेल तेलापासून बनतं आणि २४ अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरमध्ये पहाटे बाथरूममधली खोबरेलाची बाटली घट्ट झालेली ज्याने पाहिली आहे त्याला ही पद्धत वेगळी शिकवावी लागत नाही. आमच्याकडे तो थेंब उन्हाळ्यात उचलता उचलता वितळायचा, म्हणून आम्ही चमचाही बर्फात ठेवायला लागलो.

आता अमृतधारा.

माझी आई जांभळी नाक्याच्या बाजारातल्या काष्ठौषधींच्या दुकानातून तीन पुड्या आणायची: भीमसेनी कापूर, पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल. तिन्ही पांढरे, कोरडे खडे. समभाग घेऊन काचेच्या बाटलीत टाकायचे, बूच लावायचं आणि हलवायचं. थोड्या वेळात बाटलीत पाणी! कुठून आलं, कोणी ओतलं नाही. लहानपणी मी ती बाटली डोळ्यांसमोर धरून बसायचे. पोट दुखलं की साखरेवर दोन थेंब, डोकं दुखलं की कपाळाला. आई म्हणायची, "एकमेकांच्या संगतीने पाझरतात."

ती अगदी बरोबर सांगत होती. पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉल, ते सुमारे ४२ अंशांना वितळतं. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल, ५० अंशांच्या आसपास. पण दोघांचे रेणू एकत्र आले की एकमेकांना हायड्रोजन बंधाने धरतात, स्फटिकाची शिस्त मोडते, आणि मिश्रण साध्या खोलीच्या तापमानाला द्रव होतं. फार्मसीच्या मुलांना हे पहिल्या वर्षी 'युटेक्टिक मिश्रण' म्हणून शिकवतात, तेही बहुतेक वेळा अडचण म्हणून: हे पदार्थ एका पुडीत बांधू नका, पाझरतील. २००३ साली इंग्लंडात लेस्टरला अ‍ॅबट यांच्या गटाने कोलीन क्लोराइड आणि युरिया, म्हणजे कोंबड्यांच्या खाद्यातलं आणि शेतातलं, असे दोन घन पदार्थ मिसळून १२ अंशांपर्यंत द्रव राहणारं सॉल्व्हंट बनवलं आणि या प्रकाराला जगभर वाट मिळाली. ते मिश्रण पाण्यात विरघळून जातं, त्यामुळे पाण्यातून काही काढायला त्याचा उपयोग नाही. २०१५ च्या सुमारास पाण्यात न मिसळणारी मिश्रणं पुढे आली आणि त्यात मेंथॉल होतं, पुढे थायमॉलही आलं. मी त्यावरचा एक लेख घरी जेवणाच्या टेबलावर वाचत होते. उठून कपाटातली आईची बाटली काढून आणली आणि टेबलावर ठेवली. आई आता नाही. तिची बाटली आहे.

लॅबमध्ये आम्ही कापूर वगळून नुसतं मेंथॉल-थायमॉल केलं. पाण्यावर तरंगतं, पन्नास मायक्रोलिटर पुरतं. शेतात वापरतात त्या काही तेलकट कीटकनाशकांची ठरावीक मात्रा मुद्दाम स्वच्छ पाण्यात टाकून ती किती परत मिळते ते पाहिलं. आम्हाला ७० ते १२० टक्क्यांच्या आत रिकव्हरी लागते, आणि बहुतेक त्यात बसली. आनंद झाला, पण दुसऱ्याच आठवड्यात अडचणी समोर आल्या. गॅस क्रोमॅटोग्राफीवर मेंथॉल आणि थायमॉलचे डोंगराएवढे पीक, म्हणजे आलेखावरचे उंचवटे, येतात आणि त्यांच्या आसपासचं काही दिसत नाही. एचपीएलसीवर, म्हणजे द्रवावर चालणाऱ्या क्रोमॅटोग्राफीवर, गेलो तर थायमॉल हे फिनॉल, ते अतिनील प्रकाश स्वतःच शोषतं, म्हणजे डिटेक्टर आंधळा. थायमॉल आमच्या कीटकनाशकांच्या आधीच कॉलममधून, म्हणजे रसायनं वेगळी करणाऱ्या नळीतून, निघून जाईल असा ग्रेडियंट, म्हणजे आत सोडायच्या द्रवांचं बदलतं प्रमाण, बसवायला आम्हाला पाच-सहा आठवडे लागले. शिवाय ते घट्ट, मधासारखं नाही पण तेलासारखं जाड. सिरिंजने अचूक ओढायचं तर आधी थोड्या मिथेनॉलने सैल करावं लागतं.

'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' असं कोणी म्हणालं की मी थांबवते. थायमॉल जलचरांना विषारी आहे. ओव्यात असलं म्हणून खाडीत ओतायचं नाही. फरक एवढाच, की पन्नास मायक्रोलिटर आहे, श्वासातून फुप्फुसात जाऊन कार्बन मोनॉक्साइड होत नाही, आणि कॅनमध्ये जे जातं ते मोजायला लहान काटा लागतो.

औषधांचं काम माझ्याकडे नंतर आलं, महापेला आल्यावर. २०१८ च्या जुलैत रक्तदाबाच्या वल्सार्टन या औषधात एनडीएमए हे कर्करोगाचा धोका असलेलं रसायन सापडलं आणि सगळ्या औषध उद्योगाची झोप उडाली. हे नायट्रोसामाइन कोणी टाकलं नव्हतं. रेणूतलं टेट्राझोलचं कडं बनवताना डीएमएफ हे सॉल्व्हंट वापरलं, उरलेलं अझाइड मारायला सोडियम नायट्राइट घातलं, डीएमएफच्या विघटनातून आलेलं अमाइन आणि नायट्राइट एकत्र भेटले आणि एनडीएमए तयार झालं. कारखान्यात पद्धत सुधारली म्हणून घेतलेला बदल होता तो. त्याची दिवसाची मर्यादा ९६ नॅनोग्रॅम. वल्सार्टन दिवसाला जास्तीत जास्त ३२० मिलिग्रॅम घेतात, म्हणजे दहा लाखात ०.३ भाग.

इथे मेंथॉल-थायमॉल काही कामाचं नाही, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण एक पद्धत हाती लागली की माणूस सगळीकडे तीच लावायला बघतो. एनडीएमएला पाणीच आवडतं. ते तेलकट थेंबात येतच नाही. पिण्याच्या पाण्यातून एनडीएमए पकडायच्या अमेरिकी पद्धतीत, क्रमांक ५२१, नारळाच्या करवंटीचा कोळसा भरलेली कार्ट्रिज वापरतात. करवंटीचा कोळसा त्याला धरतो. पण सोडवायला पुन्हा एमडीसीच! गोळीच्या बाबतीत मात्र सोपं आहे. वल्सार्टन पाण्यात फारसं विरघळत नाही, एनडीएमए पटकन विरघळतं. मग गोळी कुटून पाण्यात किंवा पाणी-मिथेनॉलमध्ये हलवायची, सेंट्रिफ्यूज, फिल्टर, आणि थेट मशीन. जिथे रसायनाचा स्वभाव ओळखला तिथे सॉल्व्हंटची गरज आपोआप कमी होते.

रॅनिटिडिनने आम्हाला आणखी एक धडा दिला. आमच्या घरी आई अ‍ॅसिडिटीसाठी वर्षानुवर्षं ती गोळी घ्यायची, तुमच्याही घरी कोणी घेतली असेल. २०१९ साली तिच्यात एनडीएमएचे अवाढव्य आकडे आल्याच्या बातम्या आल्या. नंतर कळलं, की तपासताना गोळीला जास्त तापवलं होतं आणि त्या उष्णतेनेच रॅनिटिडिन मोडून एनडीएमए तयार होत होतं. कमी तापमानाच्या पद्धतीने आकडे खूप खाली आले. तरी प्रश्न खोटा नव्हता, गोळी साठवणुकीतही हळूहळू मोडते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने ती बाजारातून काढायला सांगितली आणि आपल्याकडे २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ती वगळली गेली. पण ज्या घरांत तो पहिला आकडा पोचला तिथली भीती मी पाहिली आहे. आईने मला विचारलं होतं, "तू हेच तपासतेस ना? मग मी इतकी वर्षं काय खाल्लं?" माझ्याकडे एका वाक्याचं उत्तर नव्हतं. म्हणून सौम्य काढणी ही माझ्यासाठी फक्त पर्यावरणाची गोष्ट नाही. जास्त तापवलं, जास्त आम्ल घातलं, जास्त आटवलं, की आपण शोधतोय तेच आपल्या हातून तयार होऊ शकतं.

उलटी चूकही होते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या वेळी डीएमएफ आणि एनडीएमए कॉलममधून एकत्र बाहेर पडले तर डीएमएफचे जड समस्थानिक, म्हणजे त्याच रेणूचे जरा जड भाऊ, एनडीएमएच्या वजनाला इतके जवळ येतात, की आकडा फुगतो. काढणी कमी केली की अशा सोबत्यांना वेगळं करायची जबाबदारी कॉलमवर येते. फनेल वाचवलं म्हणून कष्ट वाचत नाहीत, ते पुढे सरकतात.

म्हणून कोणी आपल्या पद्धतीला 'ग्रीन' म्हणवून घेतलं की मी हिशेब मागते. २०२२ पासून अ‍ॅग्रीप्रेप नावाचं एक गुणांकन आहे, सॅम्पलच्या तयारीचे दहा निकष लावून शून्य ते एकच्या दरम्यान गुण देतं: सॉल्व्हंट किती, कचरा किती, वीज किती, माणसाला धोका किती. आमच्या फनेलला लावून बघितलं, गुण सांगण्यासारखे नव्हते. थेंबाच्या पद्धतीलाही पूर्ण गुण नाहीत, आणि ते योग्यच आहे. एलसी-एमएस-एमएसचा व्हॅक्यूम पंप रात्रंदिवस चालतो, नायट्रोजन लागतो, खोलीला एसी लागतो. त्या विजेचा धूर दुसऱ्या कोणाच्या तरी गावात निघतो.

सध्या आमच्या एका ग्राहकाच्या पाण्याच्या सॅम्पलवर दोन्ही पद्धती बरोबरीने चालू आहेत. मानकात लिहिलेली पद्धत सोडता येत नाही, पण बदललेली पद्धत तेवढीच खरी आहे हे कागदावर दाखवता आलं तर वाट असते. प्रत्येक बॅचला ब्लँक म्हणजे कोरं पाणी, स्पाइक म्हणजे मुद्दाम मात्रा टाकलेलं, आणि डुप्लिकेट. ऐरोलीची एक मुलगी ट्रेनी म्हणून आली आहे, तिचा हात शांत आहे, थेंब उचलणं तिच्याकडे दिलंय. फ्यूम हूडच्या पंख्याचा वेग दर सोमवारी मीटरने मोजून ती तिथल्या कागदावर लिहिते. हे मी तिला पहिल्या दिवशी शिकवलं, थेंबाच्या आधी.

मोरबे धरणाचं नळाचं पाणी झालं, बोअरवेलचं झालं. एप्रिल-मे मधलं नदीचं पाणीही झालं, आकडे जुन्या पद्धतीशी जुळले. ऑडिटर म्हणाले, एवढ्यावर सही करायला हरकत नाही. मी अजून केलेली नाही. पावसाळ्यातलं पाणी वेगळं असतं, मातीच्या कणांना चिकटलेलं कीटकनाशक थेंबाकडे येतं की मातीतच राहतं ते मला बघायचंय. जुलैची सॅम्पल यायला अजून तीन आठवडे आहेत, बाटल्या धुऊन ठेवल्यात.